द्राक्षाच्या पिकअपमधला डबा: प्रकल्प नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५

मामांचा प्रश्न सरळ आहे. दिंडोरीजवळच्या बागेतून सकाळी तोडलेला माल पिकअपमध्ये भरून पिंपळगाव बसवंतच्या बाजूच्या पॅकहाऊसला जातो. तिथे मण्यात सुई खुपसून तापमान बघतात आणि "माल गरम आलाय" म्हणतात. ड्रायव्हर म्हणतो, पळत्या गाडीत काही तापत नाही, तुमच्या दारात उभं राहून तापतो. मामांना रोज दोन्ही बाजू ऐकून घ्याव्या लागतात. काल जेवताना म्हणाले, "भाचे, तुझ्याकडे ती बारकी कॉम्प्युटरं पडलेली असतात ना? एक बसव गाडीत. कोण खरं बोलतंय ते तरी कळू दे."

ड्रॉवरमध्ये रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू आहे, एका बोर्डावरचा पूर्ण कॉम्प्युटर. पुढे त्याला नुसतं "पाय" म्हणतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये हा बोर्ड आला आणि त्यानंतर बराच काळ बाजारात मिळतच नव्हता, म्हणून एक जपून ठेवला होता. ६५ बाय ३० मिलिमीटर, चार कोअर, ५१२ एमबी मेमरी, वायफाय अंगावरच. या कामाला मेमरी भरपूर आहे. डेस्कटॉप चालवायचाच नाही, नुसती लाइट आवृत्ती टाकायची.

लिहून काय ठेवायचं: वेळ, जागा, चार ठिकाणचं तापमान आणि गाडीची चावी चालू आहे की बंद. मिनिटाला एक ओळ. ओळ ८० अक्षरांची धरली तरी दिवसाची फाइल सव्वाशे केबीच्या आतच राहते. मोठं कार्ड घ्यायची काहीच गरज नाही, चांगलं मात्र घ्यायचं.

रविवार, १२ जानेवारी

नाशिकच्या एमजी रोडला चक्कर. तापमानाचे डीएस१८बी२० सेन्सर स्टीलच्या नळीतले, केबलसकट. जीपीएससाठी निओ-६एम. एलएम२५९६ चं व्होल्टेज कमी करणारं मॉड्यूल. डीएस३२३१ घड्याळ. फ्यूज होल्डर, शॉट्की डायोड, ऑप्टोकपलर, कपॅसिटर. डबा मात्र इलेक्ट्रिकच्या दुकानातून घेतला, भिंतीवर लावतात तो पीव्हीसीचा जंक्शन बॉक्स. हौशी लोकांसाठी म्हणून विकतात त्या केसेस दिसायला छान असतात, पण गाडीत धूळ आणि औषधाचे तुषार येणार. रबरी गॅस्केटवाला जंक्शन बॉक्स निम्म्या किमतीत जास्त काम करतो.

अंबडला काम करणारा मित्र बरोबर होता. त्याचं एकच पालुपद: "एवढ्यासाठी लिनक्स कशाला? ईएसपी३२ लाव, दहा मायक्रोअँपिअरवर झोपतं." ईएसपी३२ म्हणजे एकच प्रोग्राम चालवणारा छोटा कंट्रोलर. त्याचं चूक नाही. पण हे यंत्र गाडीत आहे, गाडीला बॅटरी आहे आणि ती रोज चार्ज होते. शेताच्या बांधावर उभं राहून मोबाइलवरून आत शिरायचं, प्रोग्रामची एक ओळ बदलायची, जुन्या फाइली बघायच्या, हे सगळं पूर्ण कॉम्प्युटरवर जितकं सुखाचं आहे तितकं कंट्रोलरवर नाही. झोपायचं नसेल तर पाय. झोपायचंच असेल तर तो म्हणतो ते.

मंगळवार, १४ जानेवारी (संक्रांत)

सुट्टी. तिळगूळ खात टेबलावर जोडणी.

डीएस१८बी२० ची मजा अशी की चारही सेन्सर एकाच डेटा वायरवर बसतात. प्रत्येकाच्या पोटात स्वतःचा क्रमांक असतो. डेटा आणि ३.३ व्होल्टच्या मध्ये ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर लावला की झालं. अचूकता उणे १० ते ८५ अंशांत अर्ध्या अंशाची, म्हणजे द्राक्षाला पुरेशी. पूर्ण रिझोल्यूशनवर एक वाचन पाऊण सेकंद घेतं. मिनिटाला एकदाच वाचायचं असल्याने फिकीर नाही.

दोन गोष्टी टिपून ठेवतो. एक, चार केबल एकाच ठिकाणाहून चार दिशांना फाकवायच्या नाहीत. एकच लांब तार न्यायची आणि वाटेत तिला सेन्सर जोडत जायचं. नाहीतर सिग्नल परावर्तित होतात आणि मधेच एखादा सेन्सर गायब होतो. दुसरं, वाचन बरोबर ८५.० आलं तर ते तापमान नसतं. सेन्सरला वीज नुकतीच मिळाली आणि त्याने अजून मोजलंच नाही, असा त्याचा अर्थ. प्रोग्राममध्ये ८५ ला सरळ टाकून दिलंय. द्राक्ष ८५ अंशांवर गेलं तर तो मनुका असेल, आणि तो आपला विषय नाही.

चारही सेन्सर एकत्र बांधून बर्फाच्या पाण्यात बुडवले. थोड्या फरकाने चौघांनी शून्य दाखवलं. फरक फाइलमध्ये लिहून वजा करून टाकले. प्रत्येक सेन्सरवर वेगळ्या रंगाची टेप.

रविवार, १९ जानेवारी

जीपीएस. निओ-६एम सेकंदाला एकदा, ९६०० च्या वेगाने ओळी पाठवतं. झिरो २ डब्ल्यूवर चांगला सिरियल पोर्ट ब्लूटूथने अडवलेला असतो आणि बाहेरच्या पिनांवर येतो तो दुय्यम, प्रोसेसरच्या घड्याळावर झुलणारा. ब्लूटूथ बंद केलं की चांगला पोर्ट पिनांवर येतो. गाडीत ब्लूटूथचं कामही नाही.

गच्चीवर नेलं तेव्हा अर्ध्या मिनिटात उपग्रह मिळाले. घरात खिडकीशी मात्र बराच वेळ नुसता लुकलुकत बसला. चौकोनी सिरॅमिक अँटेनाला आकाश दिसलं पाहिजे आणि तिच्या मागेच पायचा बोर्ड किंवा व्होल्टेज मॉड्यूल नको. गाडीत काचेखाली डॅशबोर्डवर ठेवणार, पत्र्याच्या टपाखाली नाही.

आकडे वाचताना जपायचं. दिंडोरीजवळ अक्षांश २०१२ पासून सुरू होणारा येतो. तो २०.१२ नाही, २० अंश १२ मिनिटं, म्हणजे २०.२० अंश. रेखांश ०७३५० म्हणजे ७३ अंश ५० मिनिटं, ७३.८३. मिनिटांना ६० ने भागलं नाही तर बाग नऊ किलोमीटर दक्षिणेला आणि ३५ किलोमीटर पश्चिमेला जाते, थेट हरसूलच्या बाजूच्या डोंगरात. तिथे द्राक्षं नाहीत, भात आणि नाचणी आहे. इंटरनेटवरच्या बऱ्याच तयार प्रोग्राममध्ये हा भागाकारच नसतो, म्हणून आपल्या गावाचा नकाशा समोर ठेवून ताडून बघणं बरं. वेळही ग्रिनिचची येते, साडेपाच तास मिळवायचे.

शनिवार, २५ जानेवारी

आज फक्त वीज. माझ्या मते फिरत्या प्रकल्पाचं अर्धं काम इथेच असतं, आणि त्यावरच कोणी नीट लिहीत नाही.

गाडीचे १२ व्होल्ट हे कधीच १२ नसतात. उभी असताना साडेबारा, इंजिन चालू असताना चौदाच्या वर, आणि स्टार्टर फिरवला की क्षणभर आठ-नऊ. डिझेल गाडी, त्यात निफाड-दिंडोरीकडची जानेवारीची पहाट, म्हणजे त्याहूनही खाली. शिवाय हॉर्न, वायपर आणि रिले आपापले झटके तारेत सोडतात ते वेगळेच. मोबाइल चार्ज करायला सिगारेट सॉकेटमधला स्वस्त चार्जर चालतो, कारण मोबाइलला स्वतःची बॅटरी असते. पायला नसते. पाव सेकंद वीज गेली तरी तो पहिल्यापासून सुरू होतो आणि कार्डावर काही लिहीत असेल तर फाइल मोडते.

म्हणून क्रम असा ठरवला. बॅटरीपासून निघताच दोन अँपिअरचा फ्यूज, बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. मग झटके खाणारा टीव्हीएस डायोड. मग शॉट्की डायोड, म्हणजे स्टार्टरने वीज ओढली तरी आपल्या बाजूची वीज उलटी वाहत नाही. त्यामागे ४७०० मायक्रोफॅरडचा ३५ व्होल्टचा कपॅसिटर, आणि शेवटी एलएम२५९६. हे मॉड्यूल ४० व्होल्टपर्यंत सहन करतं आणि सात व्होल्ट आत आले तरी पाच बाहेर देतं. पाय आणि जीपीएस मिळून एक वॅटच्या आतच खातात. कपॅसिटर १२ वरून ७ वर येईपर्यंत त्यातून मिळणारी वीज साधारण पाव सेकंद पुरते. स्टार्टरचा पहिला आणि सगळ्यांत खोल झटका तेवढ्यात निघून जातो.

मॉड्यूलवरचा पितळी स्क्रू फिरवून बरोबर ५.१ व्होल्ट केले आणि त्यावर नेलपॉलिशचा थेंब सोडला, म्हणजे हादऱ्याने फिरणार नाही. पाय जोडायच्या आधी मॉड्यूल एकटं चालवून व्होल्ट मोजायचे, हे न सांगता समजावं. दुकानातून येतात तेव्हा काही मॉड्यूल दहा-बारा व्होल्टवर ठेवलेली असतात.

रविवार, २ फेब्रुवारी

चावीचा प्रश्न. नेहमीचा उपाय म्हणजे चावी बंद, डबा बंद. पण आपल्याला हवं आहे ते नेमकं चावी बंद असतानाचं. गाडी रांगेत उभी आहे, इंजिन बंद आहे आणि माल तापतोय, तो काळ. म्हणजे वीज बॅटरीवरून कायमची घ्यायची आणि चावीची फक्त खूण घ्यायची.

खुणेसाठी पीसी८१७ ऑप्टोकपलर. चावीच्या तारेतून २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्याचा आतला दिवा लावायचा, पलीकडचा ट्रान्झिस्टर पायची जीपीआयओ ३ ही पिन जमिनीला (ग्राउंडला) टेकवतो. गाडीची वीज आणि पायची पिन यांचा संबंधच येत नाही. जीपीआयओ ३ च का, तर बंद केलेला पाय याच पिनेला जमीन मिळाली की जागा होतो. एकाच तारेत दोन कामं: चावी फिरवली की डबा उठतो आणि उठल्यावर तीच पिन वाचून चावी चालू आहे की बंद ते कळतं.

यात एक पाचर आहे. घड्याळाचं डीएस३२३१ मॉड्यूल ज्या दोन पिनांवर बसतं त्यातली एक हीच जीपीआयओ ३. दोन्ही एकत्र नांदत नाहीत. बऱ्याच लोकांनी इथे घड्याळ सोडून दिलेलं दिसतं. पण पायला स्वतःचं घड्याळ नाही (पाय ५ ला आहे, झिरोला नाही), आणि शेडच्या पत्र्याखाली जीपीएस मिळत नाही, म्हणजे नेमक्या रांगेतल्या नोंदींना वेळ चुकीची लागणार. म्हणून घड्याळ २३ आणि २४ या पिनांवर हलवलं. तिथे हार्डवेअरची सोय नाही, सॉफ्टवेअरने तीच भाषा बोलून घ्यायची. संथ आहे, पण घड्याळाला दिवसातून एकदा वेळ विचारायची असते. सेटिंगमध्ये एक ओळ घातली आणि चाललं.

घड्याळाचं निळं मोठं मॉड्यूल घेणार असाल तर बघून घ्या. त्याच्यावर सेल चार्ज करणारं सर्किट असतं आणि विकताना मात्र चार्ज न होणारा साधा सीआर२०३२ सेल घालून देतात. त्यावरचा एक रेझिस्टर काढून टाकावा. सेल फुगून फुटलेले फोटो बघितले आहेत.

चावी बंद झाल्यावर चार तास नोंदी चालू, मग स्वतःहून नीट बंद. तेवढ्या वेळात गाडीच्या बॅटरीतून अर्धा अँपिअर-तासही जात नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

गाडीत बसवला. मुंबई नाक्याच्या अलीकडे ओळखीच्या वायरमनकडे गाडी घेऊन ड्रायव्हर आला. वायरमनने माझी सोल्डर केलेली जोडणी उलटसुलट करून बघितली आणि सांगितलं, "दादा, गाडीत सोल्डर तुटतं. जिथे तार हलते तिथे लग दाबा, जिथे हलत नाही तिथे सोल्डर." लग म्हणजे तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी. बरोबर आहे. सोल्डर जिथे संपतं तिथे तार ताठ होते आणि हादऱ्याने तिथेच मोडते. बॅटरीकडच्या सगळ्या जोडण्या त्याने लग दाबून करून दिल्या, वर फायबरची नळी. पैसे घेईना, चहा घेतला.

डब्याच्या आत मात्र सोल्डरच. जंपर वायर टेबलावर ठीक, गाडीत आठवडाभरात एकेक निसटते. एसडी कार्डावर टेपची पट्टी, खाचेतून हलू नये म्हणून. डबा सीटमागे उभा, केबल ग्लँड खालच्या बाजूला, म्हणजे केबलवरून ओघळलेलं पाणी आत जाणार नाही.

हौद्यातले सेन्सर: लाल खालच्या क्रेटमध्ये, पिवळा मधल्या, हिरवा सगळ्यांत वरच्या, ताडपत्रीखाली. काळा बाहेर, सावलीत. सेन्सरची नळी सहा मिलिमीटर जाडीची, मण्यात घुसवली की मणी फाटतो. म्हणून घडाच्या मधोमध, जिथे मणी दाटीने बसलेले असतात, तिथे खुपसून ठेवायचं. सुईच्या थर्मामीटरशी ताडून बघितलं. माल एका जागी असेल तर फरक अंशाच्या आत. एकदम ऊन लागलं की आपला सेन्सर थोडा पुढे धावतो.

रविवार, १६ फेब्रुवारी

रोज वीज तोडली तरी कार्ड मरू नये म्हणून मूळ सिस्टिम फक्त-वाचन करून टाकली. रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्येच ओव्हरले फाइल सिस्टिमचा पर्याय आहे. त्यामुळे सगळं लिखाण मेमरीत होतं आणि बंद केलं की पुसलं जातं. नोंदींसाठी कार्डावर वेगळा भाग काढला, तेवढाच लिहिण्याजोगा. प्रत्येक ओळ लिहिली की लगेच कार्डावर ढकलायची. गेलीच तर शेवटची ओळ जाते, पूर्ण दिवस जात नाही. फ्यूज मुद्दाम मधेच ओढून बघितला, वारंवार. दर वेळी उठतो.

डबा स्वतःचं वायफाय सोडतो. मामा मोबाइल जोडतात, पान उघडतं, आजचा आलेख दिसतो. मामांना आलेखापेक्षा शेवटचा आकडा मोठ्या अक्षरात हवा होता. दिला.

रविवार, २ मार्च

आता बघण्यासारखं काही आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातला एक दिवस जसाच्या तसा:

सकाळी ८:१० ला गाडी बागेतून निघाली. खाली १५.५, मध्ये १५.८, वर १६.४. बाहेर १८.
९:०५ ला पॅकहाऊसच्या फाटकाशी. खाली १५.९, मध्ये १६.३, वर १७.६. बाहेर २२.
चावी बंद.
१०:३०. खाली १७.४, मध्ये १९, वर २२.७. बाहेर २७.
११:४० ला क्रेट उतरवायला सुरुवात. खाली १९.२, मध्ये २१.५, वर २६.३. बाहेर ३०.

म्हणजे ड्रायव्हर खरं बोलत होता. तासाभराच्या रस्त्यात वरच्या क्रेटमध्येही सव्वा अंशच वाढला, फाटकाबाहेरच्या अडीच तासांत जवळजवळ नऊ. बाकीचे दिवसही याच वळणाचे, थांबणं कमी तेवढी वाढ कमी. आणि पॅकहाऊसचा माणूसही खोटं बोलत नव्हता. तो सुई वरच्याच क्रेटमध्ये खुपसतो, हाताला तोच लागतो.

अंशांचं एवढं का, तर पुढे प्रीकूलिंगमध्ये हाच माल चार अंशांच्या खाली आणायचा असतो आणि मग शून्याच्या आसपास शीतगृहात. २६ वरून खाली आणायला वेळ जास्त, आणि तेवढा वेळ देठ सुकत राहतो. मणी छान दिसतो, पण देठ तपकिरी झाला की निर्यातीचा माल लोकलला जातो.

मामांनी आलेख बघितला आणि ड्रायव्हरला हाक मारली. त्याला काही बोलले नाहीत, चहा पाजला. मग दोन गोष्टी ठरल्या. निघायच्या आधी पॅकहाऊसला फोन करायचा, रांग असेल तर माल बागेतच लिंबाखाली ठेवायचा. आणि ताडपत्री क्रेटवर टेकवायची नाही. हौद्यावर पाइपची कमान करून तिच्यावर हिरवं शेडनेट, मध्ये वीतभर मोकळी हवा.

बुधवार, १९ मार्च (रंगपंचमी)

नाशकात आज रंग, शनी चौकातली रहाड (रंग खेळायचा जुना हौद) उघडली असणार. मी दिंडोरीला. मजूर कमी, तोडणी अर्धीच.

शेडनेटची कमान लागल्यापासून वरच्या आणि खालच्या क्रेटमधला फरक निम्म्यावर आला आहे. बाहेर ३५ असताना तासभर उभं राहूनही वरचा क्रेट साडेतीन अंश चढला. आधी तेवढ्याच वेळात, त्याहून बऱ्याच गार दिवशीही, जवळजवळ तेवढाच चढायचा. पाइप आणि नेटचा खर्च डब्यापेक्षा कमी. डबा नसता तर पाइप वाकवायला कोणी सांगितलं असतं, हेही आहेच.

डब्याची तब्येत: बंद केबिनमध्ये दुपारी चिपचं तापमान ६८ पर्यंत गेलं. ८० ला तो स्वतःहून हळू होतो. चारपैकी तीन कोअर बंद करून टाकले, मिनिटाला एक ओळ लिहायला एक पुरतो. आता साठच्या खाली असतो. हीट सिंक, पंखा काही लागला नाही. गाडीत पंखा लावू नये असं माझं मत. तो धूळ ओढतो आणि पहिला मरतो.

हिरव्या सेन्सरची केबल उंदराने कुरतडली. गोठ्याशेजारी गाडी लावतात. नवी केबल लवचिक पाइपमधून.

रविवार, ६ एप्रिल

बागेतला माल संपला, खरड छाटणी (तोडणीनंतरची छाटणी) सुरू. डब्याचा फ्यूज काढून ड्रायव्हरकडे दिला, पावसाळ्यात गाडी आठ-आठ दिवस उभी असते. बंद असताना पाय आणि मॉड्यूल मिळून थोडी वीज खातच असतात. महिनाभराने बॅटरी उतरली की आळ डब्यावर येणार.

मामांच्या भावकीतल्या दोघांना असाच डबा हवा आहे. करून देईन, पण आधी कमान लावा म्हटलंय. कमान लावूनही शंका राहिली तर डबा.

मामांचं पुढचं काम वेगळंच आहे. बागेत पान किती वेळ ओलं राहतं ते मोजायचं, गोडी छाटणीनंतरच्या (फळासाठीच्या छाटणीनंतरच्या) डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी. तिथे गाडी नाही, बॅटरी नाही, छोटी सोलर पट्टी आणि दहा मिनिटांनी एक आकडा. मित्राला फोन करून ईएसपी३२ मागवायला सांगितलं. तो हसला नाही, फक्त "किती?" विचारलं. तीन सांगितले.